अमेरिकेतून कुटुंबासह कायमचं परत येताना: तिकडे काय उरकायचं, इथे आल्यावर काय करायचं

परत जायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिली चर्चा सामानाची होते. सोफा न्यायचा का, टीव्ही इथे चालेल का, कंटेनर करायचा की नुसत्या बॅगा. खरं तर सामान हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग आहे. घोळ होतो तो कामांच्या क्रमात. काही कामं अमेरिकेत असताना अर्ध्या तासात होतात आणि विमानात बसल्यानंतर तीच महिनोन्‌महिने रेंगाळतात, कारण सही प्रत्यक्ष हजर राहून करावी लागते, नोटरी तिकडचाच लागतो किंवा ओटीपी तिकडच्याच नंबरवर येतो. म्हणून प्रत्येक कामाला आधी एकच प्रश्न विचारा: हे अमेरिकेतून निघण्याआधीच व्हायला हवं का? पुढची सगळी मांडणी याच प्रश्नाभोवती आहे.

आम्ही चौघं २०२३ मध्ये न्यू जर्सीहून पुण्याला परतलो. आम्ही दोघं भारतीय पासपोर्टवाले, ग्रीन कार्डवर होतो आणि मुलं जन्माने अमेरिकन नागरिक आहेत. तुमची परिस्थिती वेगळी असेल तर तपशील बदलतील, क्रम फारसा बदलणार नाही.

१. आधी घरात बोला, मग तारीख ठरवा

परत का जायचंय, याचं उत्तर नवरा-बायकोने वेगवेगळं लिहावं आणि मग एकत्र बसून वाचावं. एकाला आई-बाबांजवळ राहायचं असतं, दुसऱ्याला मुलांनी आजी-आजोबांच्या सहवासात वाढावं असं वाटतं, कुणाला व्हिसाच्या टांगत्या तलवारीचा वीट आलेला असतो. कारणं वेगळी असली तरी चालतं, पण ती एकमेकांना माहीत हवीत. पहिल्या पावसाळ्यात घरात पाणी नसेल, इंटरनेट बंद असेल आणि मूल शाळेतून रडत आलं असेल, तेव्हा हे बोलणं उपयोगी पडतं.

दुसरी गोष्ट नोकरीची. कंपनीतून बदली घेऊन येणाऱ्याचं पक्कं असतं. जोडीदाराचं मात्र ‘गेल्यावर बघू’ यावर सोडलं जातं, आणि बहुतेक घरांत तो जोडीदार म्हणजे बायको असते. असं करू नका. तिचे अर्ज निघण्याच्या चार-सहा महिने आधी सुरू व्हायला हवेत. इथल्या आयटी कंपन्यांना दोन-तीन महिन्यांच्या नोटीस पिरियडची सवय आहे, त्यामुळे ‘तीन महिन्यांनी रुजू होते’ म्हटलं तर कुणी नाराज होत नाही.

आता तारीख. तिला दोन गोष्टी दोन बाजूंना ओढतात. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, सीबीएसईच्या काही शाळा एप्रिलमध्येच सुरू होतात. न्यू जर्सीतल्या शाळा मात्र जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालतात. दुसऱ्या बाजूला कर. भारताचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असतं आणि एका आर्थिक वर्षात १८२ किंवा त्याहून जास्त दिवस भारतात राहिलात की तुम्ही करासाठी निवासी ठरता. म्हणजे ऑक्टोबर सुरू झाल्यानंतर आलात तर ते वर्ष बहुधा अनिवासी म्हणूनच सुटतं. ‘बहुधा’ म्हणायचं कारण आणखी एक नियम आहे: त्या वर्षी ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात राहिला असाल तरीही निवासी धरलं जाऊ शकतं. मागच्या सगळ्या फेऱ्यांचे दिवस पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून मोजून ठेवा.

मुलं शाळेत जाणारी असतील तर माझं मत स्पष्ट आहे: शाळेची तारीख पाळा. करात वाचलेल्या पैशांपेक्षा वर्गाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांबरोबर बाकावर बसणं मुलांसाठी मोलाचं असतं. मुलं लहान असतील किंवा नसतील तर खुशाल ऑक्टोबरनंतर या.

२. कागदपत्रं: हे काम सहा महिने आधी सुरू करा

मुलं अमेरिकन नागरिक असतील तर त्यांची ओसीआय कार्डं (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारतात राहण्याची मुभा देणारी) निघण्याआधी हातात हवीत. पर्यटक व्हिसावर मुलांना आणून नंतर इथे ओसीआय करू, असं सांगणारे बरेच भेटतील. त्या वाटेला जाऊ नका, शाळाप्रवेशापासून सगळं अडतं. ओसीआय असलं की राहण्याच्या मुदतीचा प्रश्न नाही आणि परदेशी नागरिक म्हणून पोलिसांत नोंदणीही नाही. मात्र मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

ओसीआयबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टनंतर तीन महिन्यांच्या आत त्याची प्रत आणि फोटो ऑनलाइन चढवायचा असतो. सोळा वर्षांखालच्या मुलांचा अमेरिकन पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, म्हणजे हे काम वारंवार येणार. पासपोर्ट संपत आला असेल तर तिकडेच नवा करून घ्या. इथून करायचा तर मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासाची वेळ घेऊन जावं लागतं.

दुसरी गोष्ट मोठ्या मुलांच्या पालकांसाठी, आणि ती फार उशिरा कळते. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय विद्यार्थ्यांना नीट आणि जेईईसारख्या परीक्षांतून अनिवासी भारतीयांच्या किंवा अतिरिक्त जागांवरच प्रवेश मिळतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तारखेआधी ओसीआय मिळालेल्यांचे जुने हक्क राखून दिले. मुलाच्या ओसीआयवरची तारीख कोणती आहे ते आजच पाहा. मूल डॉक्टर व्हायचं म्हणत असेल तर या एका तारखेवर फीचा आणि जागांचा सगळा हिशेब फिरतो.

आई-वडिलांपैकी कुणी अमेरिकन नागरिक झालं असेल तर भारतीय पासपोर्ट परत केल्याचं प्रमाणपत्र आणि स्वतःचं ओसीआयही लागेल.

यानंतर अपॉस्टील. अपॉस्टील म्हणजे एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरण्यासाठीचा शिक्का. तो ज्या राज्याने दाखला दिला त्याच राज्याकडून मिळतो. मुलाचा जन्म टेक्ससमधला असेल तर न्यू जर्सीत राहत असलात तरी कागद टेक्ससला पाठवावा लागतो, आणि यात वेळ जातो. शिवाय हॉस्पिटलने दिलेला पावलांच्या ठशांचा सुंदर कागद म्हणजे जन्मदाखला नव्हे. नोंदणी कार्यालयाची प्रमाणित प्रत मागवा.

हातातल्या बॅगेत ठेवायचे कागद, मूळ प्रती आणि त्यांचे स्कॅन:

- सगळ्यांचे चालू आणि जुने पासपोर्ट (जुने टाकू नका, शिक्के त्यातच आहेत), ओसीआय कार्डं
- मुलांचे जन्मदाखले आणि परदेशात लग्न झालं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला, अपॉस्टीलसह
- शाळेची मागच्या दोन वर्षांची प्रगतिपत्रकं आणि शाळा सोडल्याचं पत्र
- लसीकरणाची पूर्ण नोंद, डॉक्टरांचे अहवाल, चष्म्याचे नंबर, दातांचे एक्स-रे
- पदवीची प्रमाणपत्रं, अनुभवपत्रं, मागच्या काही वर्षांचे कर परतावे आणि डब्ल्यू-२ (पगार आणि कापलेला कर दाखवणारा वार्षिक फॉर्म)
- पॅन कार्ड, आधार, भारतातल्या जुन्या बँक खात्यांची पासबुकं
- गाडीच्या विम्याचा नो-क्लेम दाखला, वाहन परवाना आणि त्यावरून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना अमेरिकेत ट्रिपल ए या संस्थेकडे मिळतो आणि वर्षभर चालतो. तुमचा जुना भारतीय परवाना संपला असेल तर तेवढ्या काळात नवा काढता येतो.

३. इमिग्रेशनची दारं विचार करून बंद करा

ग्रीन कार्ड नुसतं खिशात ठेवून परत आलात आणि वर्ष-दीड वर्षाने अमेरिकेत गेलात तर विमानतळावर प्रश्न विचारले जाणारच. परत जाण्याची शक्यता मनात असेल तर री-एंट्री परमिटचा (बराच काळ बाहेर राहूनही ग्रीन कार्डवर परत येण्याच्या परवानगीचा) आय-१३१ अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचं मिळतं. जायचं नसेल तर आय-४०७ फॉर्म भरून कार्ड रीतसर सोडा. पण त्याआधी थांबा: शेवटच्या पंधरापैकी आठ करवर्षांत ग्रीन कार्ड असेल तर ते सोडताना ‘एक्स्पॅट्रिएशन टॅक्स’चे (देश सोडतानाच्या कराचे) नियम लागू होऊ शकतात. मालमत्ता बरी असेल तर सही करण्याआधी सल्ला घ्या.

एच-१बी या कामाच्या व्हिसावर असलेल्यांनी मंजूर आय-१४० ची (कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेल्या अर्जाची) प्रत जपून ठेवावी. पुढे कधी पुन्हा अर्ज झाला तर ग्रीन कार्डच्या रांगेतली जुनी अग्रक्रम तारीख कामी येते.

४. पैशांची तिकडची कामं

अमेरिका आणि भारत यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही. तिकडे कापले गेलेले पैसे इथल्या पेन्शनला जोडता येत नाहीत. पेन्शनचा हक्क मिळायला ४० क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी लागते. तुमची किती भरली ते सरकारी संकेतस्थळावर दिसतं. दोन-तीनच कमी असतील तर निघण्याची तारीख थोडी पुढे ढकलणं फायद्याचं ठरतं.

४०१-के (नोकरीतलं निवृत्ती खातं) घाईने मोडू नका. मुदतीआधी काढलं तर कर आणि वर दहा टक्के दंड बसतो. तिथेच ठेवता येतं किंवा आयआरएमध्ये (वैयक्तिक निवृत्ती खात्यात) वळवता येतं. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या निवृत्ती खात्यांसाठी भारताने २०२१ च्या अर्थसंकल्पात सवलत आणली: खात्यातल्या वाढीवर दरवर्षी कर न भरता पैसे काढताना भरता येतो. पण त्यासाठी वेळेत अर्ज करावा लागतो, आपोआप काही होत नाही.

ब्रोकरेज कंपन्यांना आधी विचारा की भारतातला पत्ता दिल्यावर खातं चालू राहील का. काही चालू ठेवतात, काही खरेदी बंद करतात, काही खातंच बंद करायला सांगतात. हे निघण्याआधी कळलं तर पैसे दुसरीकडे हलवणं सोपं असतं.

घर विकायचं असेल तर इथल्या कराच्या सवलतीच्या काळात विका (सवलत पुढे सातव्या मुद्द्यात सांगितली आहे). भाड्याने द्यायचं ठरवलंत तर मॅनेजमेंट कंपनी नेमूनच या. रात्री दोन वाजता भाडेकरूचा फोन येतो की पाइप फुटलाय, तेव्हा पुण्यातून प्लंबर शोधणं फार जिवावर येतं.

आणि फोन नंबर. मी तर म्हणेन की पैशांच्या यादीत हा पहिला मुद्दा आहे. तिकडची बँक, क्रेडिट कार्ड, ४०१-के, कर खातं, सगळ्यांचे ओटीपी अमेरिकन नंबरवर येतात. नंबर बंद पडला की स्वतःच्याच खात्यात शिरता येत नाही. तुमचा नंबर निघण्याच्या महिनाभर आधी स्वस्त प्लॅनवर किंवा इंटरनेटवर चालणाऱ्या सेवेवर वळवा. काही बँका इंटरनेट नंबरवर ओटीपी पाठवत नाहीत, म्हणून वळवल्यावर प्रत्येक खात्यात एकदा लॉगिन करून पाहा. शक्य तिथे ऑथेंटिकेटर ॲप लावा. पत्रव्यवहारासाठी एखाद्या विश्वासू नातेवाइकाचा किंवा मित्राचा पत्ता द्या. कराची पत्रं अजूनही कागदावरच येतात.

५. सामान

गाडी आणायचा विचार सोडा. डावीकडचं स्टीअरिंग आणि सीमाशुल्क, दोन्ही आडवे येतात.

विजेच्या वस्तूंसाठी एक साधी कसोटी आहे. वस्तूच्या किंवा चार्जरच्या मागे बारीक अक्षरांत आकडे छापलेले असतात. १००-२४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असं असेल तर ती इथे नुसता प्लग बदलून चालते. लॅपटॉप, फोन, कॅमेरे यात येतात. नुसतं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असेल तर ती तिथेच विका किंवा देऊन टाका. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरतं, हर्ट्झ बदलत नाहीत. त्यामुळे मोटर असलेली बरीच यंत्रं वेगळ्या वेगाने फिरतात आणि तापतात. मिक्सर, धुलाईयंत्र, व्हॅक्यूम आणण्यात अर्थ नाही. गाद्याही आणू नका. किंग, क्वीन ही नावं तीच असली तरी मापं जुळत नाहीत आणि चादरी बसत नाहीत.

आणायचं काय, तर मुलांची पुस्तकं, त्यांच्या खोलीतल्या ओळखीच्या चार वस्तू, सायकली, चांगली भांडी, थंडीचे एकदोन कपडे. मुलाच्या पलंगावरचं पांघरूण किंवा भिंतीवरचं चित्र पुण्याच्या खोलीत पहिल्या दिवशी दिसलं तर ते मूल त्या खोलीला लवकर आपलं म्हणतं.

सीमाशुल्कात ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’ची (कायमचं राहायला येणाऱ्यांसाठीची) सवलत मिळते. आमच्या वेळी २०१६ चे बॅगेज नियम लागू होते: किमान दोन वर्षं परदेशात वास्तव्य, त्या दोन वर्षांत भारतातल्या फेऱ्या मिळून जास्तीत जास्त सहा महिने, आणि घरगुती सामानाला पाच लाखांपर्यंत सूट. टीव्ही, मोठा फ्रिज, डिशवॉशर अशा वस्तूंवर वेगळं शुल्क. सरकार हे आकडे बदलतं, त्यामुळे सामान भरण्याआधी त्या महिन्याचा नियम सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा, शिपिंगवाल्याच्या तोंडी सांगण्यावर राहू नका.

शिपिंगवाल्याशी बोलताना विचारायचे प्रश्न: दर घरापर्यंतचा आहे की न्हावा-शेवा बंदरापर्यंतचा? बंदरातले शुल्क कोण भरणार? खोकी किती दिवस फुकट ठेवता येतात आणि नंतर दिवसाला किती? सीमाशुल्काच्या तपासणीला मी हजर राहायचं का आणि मूळ पासपोर्ट किती दिवस द्यावा लागेल? स्वस्त दर बहुतेक वेळा बंदरापर्यंतचाच असतो आणि खरा खर्च तिथून पुढे सुरू होतो.

प्रत्येक खोक्यावर क्रमांक टाका आणि यादीत त्या क्रमांकासमोर वस्तू, कोणत्या वर्षी घेतली, अंदाजे किंमत असं लिहा. विजेच्या वस्तूंचा मेक आणि सीरियल नंबरही. ‘इतर किरकोळ’ असं लिहिलेलं खोकंच तपासणीत उघडलं जातं.

६. शाळा

पुण्यातल्या नावाजलेल्या शाळांचे प्रवेश आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून सुरू होतात. वरच्या वर्गांत जागा रिकाम्या झाल्या तरच प्रवेश मिळतो, त्यामुळे तीन-चार शाळांना ईमेल करून ठेवा आणि दिवाळीत किंवा नाताळात एक फेरी मारून प्रत्यक्ष पाहून या. फोनवर मिळालेलं उत्तर आणि कार्यालयात मिळालेलं उत्तर यात फरक पडतो. जे ठरेल ते ईमेलवर लिहून घ्या, विशेषतः जूनच्या शेवटी रुजू झालं तर चालेल का, हे.

मंडळ निवडताना मुलाच्या इयत्तेकडे पाहा. पाचवीपर्यंत कोणतंही मंडळ चालतं, मुलं सहज सामावतात. सातवी-आठवीला विचार करावा लागतो. नववीत सीबीएसईची नोंदणी होते आणि दहावीत थेट प्रवेश मंडळाच्या परवानगीशिवाय मिळत नाही. म्हणून आठवी संपण्याआधी तरी या, नाहीतर आयबी किंवा आयजीसीएसई या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांच्या शाळांचा विचार करा. त्यांची फी मात्र फारच जास्त असते.

आता मराठी. महाराष्ट्राच्या २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी शिकवणं सक्तीचं केलं आहे. ‘आमचा मुलगा आयसीएसईत जाणार, त्याला मराठी नाही’ असं समजू नका. आपली मुलं घरात मराठी बोलतात, पण वाचताना जोडाक्षरापाशी अडखळतात आणि लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ दूरच, अक्षरं रेघेच्या खाली लोंबकळतात. निघण्याच्या वर्षभर आधी रोज वीस मिनिटं वाचन सुरू करा. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा अनेक गावांत चालतात. तुमच्याजवळ असेल तर मुलांना नक्की घाला. नुसती बाराखडी गिरवून घेण्यापेक्षा आजीला चिठ्ठी लिहायला लावा, किराण्याची यादी देवनागरीत करायला सांगा. हिंदीही येणार आहे आणि लिपी एकच असल्याने इथे घेतलेली मेहनत दोनदा कामी येते.

गणितात लाख-कोटी आणि पाढे आधी करून घ्या. आपली मुलं हुशार असतात, पण इथल्या वर्गात पटापट तोंडी उत्तरं द्यावी लागतात आणि त्यात ती मागे पडल्यासारखी वाटतात. शिक्षकांना पहिल्याच आठवड्यात भेटून हे सांगा.

अमेरिकन शाळा आपल्यासारखा शाळा सोडल्याचा दाखला देत नाहीत. शाळेच्या लेटरहेडवर मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पूर्ण केलेली इयत्ता, शेवटचा दिवस, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का, असं पत्र मागा. शिक्का नको म्हणतील, तरी आग्रह धरा. इथल्या कार्यालयात शिक्का नसलेला कागद परत हातात येतो.

शाळेच्या फॉर्मवर आधार क्रमांकाचा रकाना असतो. परदेशी नागरिक असलेल्या मुलाला तो लगेच मिळत नाही. ओसीआयची प्रत जोडा आणि सहा महिन्यांनी देऊ असं लिहून द्या.

७. कर: पहिली दोन वर्षं सोन्यासारखी वापरा

मागच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असलेला, किंवा मागच्या सात वर्षांत ७२९ किंवा कमी दिवस भारतात राहिलेला माणूस परत आल्यावर लगेच पूर्ण निवासी ठरत नाही. मधला दर्जा मिळतो, त्याला आरएनओआर (निवासी, पण सामान्यतः निवासी नसलेला) म्हणतात. तो साधारण दोन, कधी तीन आर्थिक वर्षं टिकतो. या काळात तुमच्या परदेशातल्या उत्पन्नावर भारतात कर नाही. तिकडचे शेअर विकायचे, घर विकायचं, पसारा आवरायचा तो याच काळात. त्यानंतर जगभरातलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं आणि परदेशी खाती, शेअर, मालमत्ता यांचा वेगळा तक्ता परताव्यात भरावा लागतो. तो न भरल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो, पैशांवर पूर्ण कर भरलेला असला तरी.

बँकेचा नियम वेगळा आणि लोक इथेच गोंधळतात. परकीय चलन कायद्यात तुम्ही कायमचे परतलात की लगेच निवासी होता, कराचे १८२ दिवस तिथे लागत नाहीत. एनआरई आणि एनआरओ (अनिवासी भारतीयांची) खाती साध्या निवासी खात्यांत बदलून घ्यावी लागतात. एनआरईच्या व्याजावरची करमाफी परतल्यानंतर राहत नाही. डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे असतील तर आरएफसी (निवासी व्यक्तीचं परकीय चलनातलं) खातं उघडा. आरएनओआर असेपर्यंत त्यावरचं व्याज करमुक्त असतं. एफसीएनआर (अनिवासींच्या परकीय चलनातल्या) ठेवी मुदत संपेपर्यंत तशाच ठेवता येतात.

ग्रीन कार्ड न सोडलेल्यांना आणि अमेरिकन नागरिकांना अमेरिकेचा परतावा भारतात राहूनही दरवर्षी भरावा लागतो. इथल्या सगळ्या खात्यांतली मिळून कमाल रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबीएआर, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकन फॉर्मही भरावा लागतो. यात सर्वांत मोठा सापळा म्युच्युअल फंडांचा. भारतीय फंड अमेरिकेच्या नजरेत पीएफआयसी (परदेशी गुंतवणूक कंपन्या) ठरतात आणि त्यावर फार जाचक कर लागतो. आजोबांनी हौसेने अमेरिकन नातीच्या नावे एसआयपी सुरू केली तर ती नातीच्या गळ्यात पडते. आजोबांना प्रेमाने समजावून सांगा आणि पैसे त्यांच्याच नावावर राहू द्या.

दोन्ही देशांचे कर कळणारा सीए शोधा. घरचा वर्षानुवर्षांचा सीए कितीही चांगला असला तरी हे काम वेगळं आहे.

८. आरोग्य विमा

भारतात यायच्या दोन-तीन महिने आधीच घ्या. आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षा काळ असतो, तो २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त तीन वर्षं. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड जे असेल ते फॉर्मवर स्वच्छ लिहा. कंपनीचा विमा मिळणार असला तरी स्वतःचा वेगळा हवा, नोकरी बदलली की कंपनीचा जातो. आई-बाबा सत्तरीच्या पुढे असतील तर त्यांचं आयुष्मान कार्ड काढा. २०२४ च्या अखेरीपासून उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. मुलांना बीसीजी दिलेली नसते, टायफॉइडचीही बहुधा नसते. इथल्या बालरोगतज्ज्ञांना लसीकरणाची नोंद दाखवून काय राहिलंय ते विचारा.

९. पुण्यातलं घर आणि पहिले दोन महिने

आल्याआल्या घर विकत घेऊ नका. वर्षभर भाड्याने राहा. शाळा, ऑफिस आणि आई-बाबांचं घर या तिघांमधलं अंतर सकाळी साडेआठला गाडीने कापून बघितल्याशिवाय कोणता भाग आपल्याला जमेल ते कळत नाही. फ्लॅट पाहताना वॉचमनला विचारा की उन्हाळ्यात दिवसाला किती टँकर येतात. बाणेर, बालेवाडी, वाकड, वाघोली या बाजूंना हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि बिल्डरपेक्षा वॉचमन खरं सांगतो. जनरेटर फक्त लिफ्टला आहे की घरातल्या दिव्यांनाही, शाळेची बस गेटपर्यंत येते का, हेही बघा.

आई-बाबांकडे उतरणार असाल तर किती दिवस राहणार ते येण्याआधीच सांगा. ‘बघू, घर मिळेपर्यंत’ असं मोघम ठेवलं की महिने लांबतात. सासूबाईंनाही त्यांची सवय मोडून चार माणसांचं करावं लागतं आणि सुनेलाही दहा वर्षांनी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात वावरावं लागतं. दोघींवर माया असेल तर मुदत स्पष्ट ठेवा.

आल्यावरच्या कामांचा क्रम असा लावा:

पहिल्या आठवड्यात सिमकार्ड. तोच नंबर आधार, बँक आणि पॅनला जोडायचा, म्हणून आवडीनिवडी नंतर, आधी नंबर कायम करा. भारतीय पासपोर्टवाल्यांना आधारसाठी १८२ दिवस थांबावं लागत नाही. आदल्या एखाद्या सुट्टीत येऊन आधार काढून किंवा अद्ययावत करून ठेवलंत तर फारच उत्तम, कारण भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी आधारच्या अंगठ्यावर होते. आधार नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात जावं लागतं.

त्यानंतर भाडेकरार. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे. ‘नोटरीवर करू, पैसे वाचतील’ असं मालक म्हणाला तरी नाही म्हणा, कारण नोंदणीकृत करार हाच तुमचा पत्त्याचा पुरावा आहे. भाडेकरूची पोलिसांकडची नोंद आणि सोसायटीची एनओसी लगेच करून घ्या.

मग बँक केवायसी, पॅनला आधार जोडणं, यूपीआय, गॅस, इंटरनेट. ज्या ज्या कार्यालयात जाल तिथे जे कागद मागितले असतील त्याच्या दोन जादा झेरॉक्स आणि दोन फोटो बरोबर ठेवा.

ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या कर परताव्याची वाढीव मुदत संपते. आणि भारतात मुलांचे १८२ दिवस भरले की ओसीआय, पासपोर्ट आणि नोंदणीकृत करार घेऊन त्यांच्या आधारसाठी केंद्रावर जा. परदेशी नागरिकाची नोंदणी प्रत्येक केंद्र करत नाही, म्हणून आधी फोन करून विचारा आणि शाळेला सुट्टी असेल त्या दिवसाची वेळ घ्या.